आठ पावले ओली वाळू

तळा गावाहून हरिहरेश्वरापर्यंत चालत जायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. नवस असलेले लोक कार्तिक वद्य अष्टमीला, म्हणजे कालाष्टमीला, तिथे पोचतील अशा बेताने निघतात. शेवटचा टप्पा श्रीवर्धन ते हरिहरेश्वर. माझ्या मोजणीने तो अकरा मैल भरतो. दोन हजार पावलांचा एक मैल धरून मी तो पायांनी मोजलेला आहे, त्यामुळे शंभर-दोनशे पावले इकडेतिकडे होतील, त्याहून जास्त नाही.

आम्ही तिघे होतो. मी, माझी पत्नी आणि पत्नीची मावशी. मावशींचा नवस नव्हता. त्या नुसत्या सोबतीला आल्या होत्या आणि वाटेत बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून आल्या होत्या, असे त्या स्वतःच सांगत.

नवस पत्नीचा होता. त्या पावसाळ्यात आमच्या मुलीला विषमज्वर झाला आणि एकवीस दिवस उतरला नाही. विसाव्या दिवशी पत्नीने बोलून ठेवले की पोर उठून बसली तर मी अनवाणी चालत येईन, कालाष्टमीला उपाशीपोटी समुद्राकडची प्रदक्षिणा घालीन, आणि मगच तोंडात काही घालीन. मुलगी उठून बसली. आता प्रदक्षिणा राहिली होती, आणि ती त्याच दिवशी व्हायला हवी होती.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा देवळाभोवतीची नाही. देवळामागचा डोंगर चढायचा, पलीकडे अरुंद घळीतून पायऱ्या उतरून थेट समुद्रात जायचे आणि कातळावरून डोंगराला वळसा घालून परत यायचे. ओहोटी असली तरच वाट असते. भरती आली की कातळ पाण्याखाली. म्हणजे सगळा प्रश्न वेळेचा होता, आणि वेळेचे काम माझ्याकडे होते.

पाण्याचे गणित कोकणात पुष्कळांना येते. तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीची येते सहा. पण मी ऐकीव गोष्टीवर चालणारा माणूस नाही. माझे बालपण खाडीच्या काठी गेले. तिथे वेळूच्या काठीवर खुणा करून मी दोन वर्षे पाणी पाहिले होते आणि माझी खात्री झाली होती की या गणितात दीड तास मिळवावा लागतो. दोन वर्षांत एकदाही चूक निघाली नाही. तेव्हा भरती साडेसात, ओहोटी दुपारी दीड. कातळावरची वाट ओहोटीनंतर अडीच तास उघडी राहते असे जाऊन आलेले लोक सांगत, म्हणजे चार वाजेपर्यंत. वाटेत उन्हाच्या वेळी दोन तास विश्रांती घ्यायची आणि तीनला प्रदक्षिणा सुरू करायची, असे मी ठरवले.

सात वाजता आम्ही श्रीवर्धनहून निघालो. पहिला मैल वाळूतला होता. माझ्या हिशेबाने पाणी अजून अर्धा तास चढायचे होते. पण पाण्याच्या कडेपासून वर आठ पावले वाळू ओली दिसत होती. पाणी चढत असेल तर त्याच्या वरची वाळू कोरडी पाहिजे, हे मला कळत होते. तरी मी मनाशी म्हटले, दव पडले असेल, आणि पुढे चाललो. आठ पावले मात्र मोजली होती.

डोंगराची चढण लागल्यावर पत्नीचा वेग कमी झाला. तिच्या उजव्या टाचेला भेग पडली होती आणि तीत खडे जात होते. मी दर मैलाला घड्याळ पाहून सांगत होतो.

मावशी म्हणाल्या, "जावईबापू, देवाला जाताय की मोटार चालवताय?"

"मावशी, वेळेत पोचायला नको?"

"पोचू हो. देव काय उठून जातोय?"

पत्नी हसली. "देव नाही जायचा. पाणी यायचं."

दहाला सहा मैल झाले. वाटेवर उंडीचे मोठे झाड होते, त्याच्या सावलीत मी सतरंजी पसरली. पत्नीने टाच धुऊन फडके बांधले. मावशी आडव्या झाल्या. तेवढ्यात मागून एक कोळीण आली. श्रीवर्धनच्या बाजारात मासळी विकून ती रिकामी टोपली घेऊन हरिहरेश्वराकडच्या आपल्या वस्तीवर परतत होती. पाणी प्यायला थांबली.

"देवाला चाललाव?" तिने पत्नीला विचारले.

"हो. प्रदक्षिणेचा नवस आहे."

"मग बसलाव का बाय?"

मी म्हटले, "दोन तास बसणार आहोत. तीनला उतरायचं आहे. चारपर्यंत वाट आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "कोन म्हनला?"

मी तिला सगळे गणित सांगितले. खाडीवरची दोन वर्षे, काठीच्या खुणा, वरचा दीड तास. तिने मला पुरते बोलू दिले, हसली नाही.

"भाऊ, तुमचा हिशेब बरोबर हाय. पन तो खाडीचा हाय. पानी दर्यातनं निघतंय, मग खाडीत शिरतंय. तुमच्या गावाला पोचायला त्याला दीड तास लागतो. इथं दर्या समोरच हाय. इथं त्यानं कशापायी थांबावं?"

तिने पाणी पिऊन पदराने तोंड पुसले.

"आनि आज अष्टमी. भांगाचं पानी. तसंही लय मागं जायचं न्हाय. अडीचाच्या आत वर या." टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

अनोळखी बाईच्या एका वाक्यावर दोन वर्षांची मोजणी सोडून द्यायची, हे मला जड होते. पण ती ओली वाळू डोळ्यांपुढे आली. सातला पाणी उतरत होते. भरती सहालाच होऊन गेली होती. मी ते पाहिले होते, मोजले होते, आणि माझ्या आकड्याला जुळत नाही म्हणून बाजूला ठेवले होते. आता शंका राहिली नाही.

मी पत्नीला सांगितले, "माझी चूक झाली. ओहोटी बाराला आहे. वाट अडीचला बंद होणार. आत्ता उठलो तर होईल, पण वाटेत कुठे बसता येणार नाही. टाच चालेल?"

ती उठून उभी राहिली. "टाचेला काय विचारता? सतरंजी गुंडाळा."

मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "आत्ता कुठे पाठ टेकली होती," आणि आमच्या आधी चालू लागल्या.

उरलेले पाच मैल आम्ही तीन तासांत केले. मी मैल सांगणे बंद केले होते. पत्नी टाच उचलून चवड्यावर चालत होती आणि चढणीवर माझ्या खांद्याला धरत होती. माझा अंदाज असा होता की एकला पोचलो तर वीस मिनिटे दर्शनाला, पन्नास मिनिटे प्रदक्षिणेला, आणि वीस मिनिटे हातात. एकला दोन मिनिटे कमी असताना आम्ही पोचलो.

रीतीप्रमाणे आधी काळभैरवाचे दर्शन घेतले, मग हरिहरेश्वराचे. पुजाऱ्यांनी घड्याळ पाहिले. "पाणी फिरलंय. रेंगाळू नका."

मावशी वरच बसल्या. "माझा नवस नाही. मी तुमच्या चपला राखते." चपला एकट्या माझ्याच होत्या.

घळीच्या पायऱ्या ओल्या होत्या. कातळावर बारीक शेवाळ होते. पत्नीने माझा हात सोडून दिला, कारण नवस तिचा होता. मी एक पाऊल मागे राहिलो. शेवटच्या वळणावर, जिथे कातळ अगदी अरुंद होतो, तिथे एक लाट आली आणि तिच्या घोट्यांवरून गेली. ती थांबली, लाट परत जाऊ दिली, आणि पुढची यायच्या आत सात पावलांत वळण ओलांडले. मागोमाग मीही. वर आलो तेव्हा दोन वाजून बारा मिनिटे झाली होती. पुन्हा काळभैरवाला नमस्कार केला आणि नवस फिटला.

पत्नीने केळ्याने उपास सोडला. समुद्र दिसेल अशा जागी आम्ही बसलो होतो. मी घड्याळ गुडघ्यावर ठेवून तीन वाजायची वाट पाहत होतो. तीनला ते वळण दिसेनासे झाले होते. ज्या कातळावर ती थांबली होती, त्यावर पांढरे पाणी फुटत होते.

"तुमच्या वेळेप्रमाणे आलो असतो," ती म्हणाली, "तर आत्ता कुठे असतो?"

"पायऱ्या उतरायला लागलो असतो."

मावशी म्हणाल्या, "आणि मी या चपला घेऊन एकटी तळ्याला."

पत्नीने उरलेले अर्धे केळे माझ्या हातावर ठेवले. मग मुलीसाठी घेतलेली अंगाऱ्याची पुडी तिने पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.