खालच्या खणातला बर्फ

फिटरभाऊ कुणाच्या घरी फ्रिज दुरुस्त करायला गेले, की आधी त्या फ्रिजकडे पाठ करून बसत. हसू नका, खरं सांगते. हत्यारांची थैली दाराशीच ठेवायची, एक स्टूल मागायचं आणि घरच्या बाईकडे तोंड करून विचारायचं, "सांगा वयनी, काय काय बदललं?" नव्या माणसाला वाटे, हा गप्पा मारायला आला की काय! ते म्हणत, "मशीन खोटं बोलत नाही, पण तिले तोंड नाही. घरातल्या माणसाले हाये. आधी त्याचं आयकाव."

ही सवय त्यांना जिनिंगमधून लागलेली. आमच्या बाभुळगावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी वीसेक वर्षं फिटरचं काम केलं. तिथे रुई अशी उडायची की डोळ्यांना काही दिसू नये. काय घासतंय, कोणता पट्टा ढिला झालाय, ते कानानंच ओळखायचं. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडले, गाड्या येईनात, जिनिंगला कुलूप लागलं. मालक दरवर्षी म्हणायचा, यंदा कसंतरी जमवून घेऊ. फिटरभाऊ म्हणत, "जमवू जमवू म्हणता म्हणताच जिन बसली वयनी. तवापासून म्या तो शबूदच सोडला." चाळिशी उलटल्यावर ते कूलर-फ्रिजचं काम शिकले. शिकवायला कोण होतं? भंगारातले फ्रिज आणायचे, खोलायचे, पुन्हा लावायचे.

आमच्या घरी मुलानं पुण्याहून पैसे पाठवून दोन दारांचा फ्रिज घेऊन दिला होता. वर बर्फाचा खण, खाली दूध-भाजीचा. एका उन्हाळ्यात तो इतका थंड करायला लागला की खालच्या खणातल्या दह्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा, पाण्याच्या बाटलीत काचेसारख्या कांड्या तरंगायच्या. आता आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. तसल्या उन्हात फ्रिज जास्त थंड करतो म्हणून कोण रडेल? शेजारणी म्हणायच्या, "बाई, तुमचा फ्रिज तं लय भारी!" आणि मी फुगायचे.

त्याच दिवसांत आमच्या गुरुजींची साखर चढत होती. गुरुजी म्हणजे माझे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला तरी साखर उतरेना. माणूस वाळत चालला, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती मोकळी फिरायला लागली. मला एकच सुचलं : हे चोरून गोड खातात. गुळाचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवला. चार पाहुण्यांसमोर बोलले त्यांना. ते म्हणायचे, "अगं, नाही खाल्लं मी." मी म्हणायचे, "मंग साखर काय आभाळातून पडून राह्यली?" पुढे पुढे त्यांनी उत्तर द्यायचंच सोडून दिलं.

फिटरभाऊ आले ते कूलरला नवा वाळा लावायला. मी तोऱ्यात बाटली पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली. प्यायले नाहीत.

"वरच्या खणातली का?"

"छे, खालच्या! आमचा फ्रिज तसाच हाये भाऊ, जोरदार."

कूलर राहिला बाजूला. त्यांनी स्टूल ओढलं. "अजून काय काय गोठते?"

"दही. कोथिंबीर काळी पडते."

"अन् गुरुजीची सुई कुठी ठेवता?"

"सगळ्यात मागं, हवा येते त्या फटीपाशी. महागाचं औषध, चांगल्या थंड जागी नको का? सकाळी कधी कधी घट्ट होते बाटली. मी मुठीत धरून ऊन करते, मंग टोचते."

ते हळू म्हणाले, "वयनी, ते औषध एकडाव गोठलं का गेलं. मंग पातळ दिसते, पण कामाचं राहत नाही. माही पोरगी नर्सिंग शिकून राह्यली, तिनं सांगतलं मले."

रोज सकाळी मी किती मायेनं ती बाटली मुठीत धरत होते! गुरुजी पलीकडे खाटेवर होते. एवढंच म्हणाले, "भाऊ, हे हिला जरा मोठ्यानं सांगा."

मी पिशवी उचलली. म्हटलं, आत्ताच नवी बाटली आणते आणि टोचते. तर फिटरभाऊ दारात आडवे. "थांबा. वाढवलेला डोस टोचू नका, चांगलं औषध तेवढं दिलं तं साखर एकदम खाली येईन. अडकलेल्या दाराले माणूस जोर लावते, अन् दार एकदम सुटलं का तोंडावर पडते. मी काई डॉक्टर नाही. आधी डॉक्टरले विचारा." मी तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. डोस पुन्हा पहिल्यावर आणला, आठ दिवस रोज साखर तपासायला सांगितली. म्हणाले, "तुम्हाला थांबवणारा माणूस शहाणा आहे."

मी परतले तेव्हा फिटरभाऊंनी थंडीचं बटण कमीत कमीवर आणलेलं. सुई टोचल्यावर दाबायचा कापूस माझ्याकडे होता, तो त्यांनी मागितला. "घराघरात कापूस पडून हाये, कोणी घेत नाही, अन् तुमी दुकानातला आणता?" मला बरं वाटावं म्हणूनच बोलले असतील. दार उघडलं की आतला पंखा थांबतो, म्हणून दाराचं बटण त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं आणि कापसाचा एक तंतू फटीपुढे धरला. तो फडफडतच राहिला. "पाहा. थंडी वर तयार होते, पंखा ते खाली ढकलते. मधात एक झडप असते. खाली पुरेसं गार झालं का तिनं मिटाव. हे उघडीच अडकली. तंतू थांबूनच नाही राह्यला."

झडपेभोवती बर्फ धरला होता. मी सुरी आणली, तर माझ्याच हातातून काढून घेतली. "बरफासंग भांडाचं नाही वयनी. त्याले वेळ द्याचा." फ्रिज बंद करून दुपारभर उघडा ठेवला, खाली चादरी अंथरल्या. बर्फ उतरल्यावर दिसलं, झडपेची बिजागरीच तुटलेली. नवी झडप नागपूरहून एसटीनं आली, ती दुसऱ्याच मापाची. मी बोलून गेले, "घासून बसवा ना भाऊ, जमवून घ्या." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावली. आणखी चार दिवस गेले. तोवर नवी बाटली डॉक्टरांना विचारून, पिशवीत बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात.

बरोबर मापाची झडप आली, त्यांनी बसवली, कडेनं स्पंजची पट्टी लावली. तंतू धरला. थंडीचं बटण कमी केलं तसा तो फडफडायचा थांबला आणि सरळ लोंबला. तरी ते खूश नाहीत. पेलाभर पाण्यात थर्मामीटर घालून खालच्या खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पाहायला आले. "पाच डिग्री. आता ठेवा औषध. पण मागं नाही, मधात."

त्या दिवशी मी कपाटाचं कुलूप काढलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर गुरुजी म्हणाले, "राहू दे. तू बोललीस त्याचं नाही वाईट वाटलं. मलाच वाटायला लागलं होतं, झोपेत खात असेन." आजही कुणाकडे बोट दाखवण्याआधी मला ते वाक्य आठवतं, आणि हात खाली येतो.

फिटरभाऊ पुढे मुलीकडे नागपूरला राहायला गेले. जाताना निरोप घ्यायला आले, तेव्हाही कूलरच्या पंपाचा आवाज ऐकून पाणी कमी आहे म्हणाले. मागच्या वर्षी त्या मुलीचा फोन आला. "जय भीम मावशी. बाबा गेले. त्यांच्या डायरीत तुमचा नंबर होता."

मी रडले. मग म्हटलं, "तुझ्या बाबामुळं आमचे गुरुजी आणखी सात वर्षं माझ्याशी भांडले बाई." आणि तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मावशी, आमाले तं हे माहीतच नाही. बाबाले रोज विचारावं, आज काय केलं, तं म्हणत, कूलर लावला, झडप बदलली. बस."