काळभैरवासाठी एक बरी वाइन

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत चिवडा होता आणि डोक्यावर नसती जबाबदारी. उज्जैनच्या सुधामावशीचा आदल्या दिवशी फोन आला होता. "विनू, येताना इंदुरातून एक वाइन घेऊन ये. चांगली घे, पण महागडी नको. तू तर नाशिकचा, तुला सगळं माहीत."

उज्जैन शहरात आता दारूची दुकानं नाहीत आणि मावशीच्या घरात कधी कुणी थेंब घेतलेला नाही. बाटली हवी होती काळभैरवाला. भैरवगढच्या या देवाला मदिरेचा भोग (नैवेद्य) लागतो. गेल्या पावसाळ्यात काकांना ताप आला. तो उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. आठ महिने गूळ आणि कारलं त्यांना सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काका बिचारे मुकाट्याने जेवत आणि मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. शेवटी तिने भैरवबाबाला साकडं घातलं. "रम-बिम माझ्याने हातात नाही धरवणार," ती म्हणाली. "द्राक्षाची असली तर फळाचा रस समजून नेईन. पण देवाला खराब चीज नाही द्यायची."

खरं सांगायचं तर नाशकात राहूनही मला लाल आणि पांढरी एवढाच फरक कळतो. पण हे कबूल कोण करणार? इंदुरात उतरून एका दुकानात शिरलो आणि काचेच्या कपाटातल्या सोनेरी लेबलाकडे ऐटीत बोट दाखवलं. गल्ल्यावरचे पिकल्या मिशांचे गृहस्थ हसले. "भिया (इंदुरात सगळे एकमेकांचे ‘भिया’, म्हणजे भाऊ), वो तो महीनों से धूप खा रही है. दाम ऊँचा, माल थका हुआ."

मागच्या गार खोलीतून त्यांनी एक खोकं आणलं आणि मला शिकवणीच दिली. बाटलीवरचं साल आधी बघायचं, कारण स्वस्त वाइन ठेवून मुरत नाही, ती ताजीच बरी. उन्हातली, दिव्याखालची घ्यायची नाही. आणि जी रोज खपते ती घ्यायची, म्हणजे शिळा माल गळ्यात पडत नाही. महागडी विकायची सोडून हा माणूस मला निम्म्या किमतीची देत होता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. त्यांनी फिरकीच्या झाकणाची बाटली पुढे केली, तिथे मात्र माझं नाशिकपण उफाळून आलं. म्हटलं, बुचाची द्या.

"बुच से क्या होता है, भिया? पीना है कि सजाना है?"

तरी मी त्याच भावातली बुचाचीच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या माधव नगरातल्या घरून रिक्षाने भैरवगढला पोचलो. मावशीने बाटली पदराखाली झाकली होती. दाराशी हार घेतल्यावर ती म्हणाली, "आता खोलून दे. आत खूप भीड असते." आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बूच काढायला जवळ काहीच नव्हतं. किल्ली घालून पाहिली, पेन घालून पाहिलं, फुलवालीची सुरी मागितली. बूच ढिम्म. मावशीचे डोळे भरून आले. "इतक्या दूर येऊन परत जायचं का रे?" मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रस्त्यापलीकडे कापडावर मेणाची नक्षी काढून रंगवण्याचा कारखाना होता. तिथले एक म्हातारे कारागीर कोपरापर्यंत निळे हात घेऊन बाहेर आले. त्यांनी बुचात एक लांब स्क्रू पिळला, पकडीने धरला आणि दम धरून सावकाश ओढला. "अम्मा, बाबा की चीज है. टूटने नहीं दूँगा." बूच अख्खं बाहेर आलं. उज्जैनची माणसं अशी, देव कुणाचा आणि अडचण कुणाची हे विचारत बसत नाहीत.

आत पुजाऱ्यांनी बशीत वाइन ओतून देवाच्या ओठांना लावली. बघता बघता बशी रिकामी झाली. उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत मिळाली.

घरी आल्यावर मावशीने काकांच्या तळहातावर चमचाभर तीर्थ घातलं. काकांनी ते घेतलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"सुधा, आंबट आहे गं."

"काय म्हणालात?"

"आंबट. आणि मागून जरा तुरट."

मावशी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही चमचाभर घेतली. काका म्हणाले तशीच होती, वर द्राक्षाचा स्वच्छ वास. दुकानदार खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये विचार करत होतो, ही देवाची कृपा की जीभ आपणहून जागी झाली? मला ठरवता आलं नाही, आणि ठरवायची घाईही वाटली नाही. तेवढ्यात मावशीचा फोन आला. आवाज नुसता नाचत होता.

"विनू, आत्ता जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, वरणात नमक जास्ती झालंय. मी चाखून बघितलं. अरे, खरंच जास्ती झालं होतं रे!"