भानूची फळी

जीप हसनाबादच्या अलीकडे पोहोचली होती तेव्हा फोन वाजला. काळी-पिवळीत मागच्या बाकावर आम्ही पाचजण दाटीवाटीने बसलो होतो. पिशवी मांडीवर आणि फोन पिशवीच्या तळाशी. तो हाताला लागेपर्यंत दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा घेतला. पलीकडे माझी भावजय, सुमन. "आक्का, कुठवर आलात?" तिने एवढंच विचारलं. मला वाटलं, रस्ता मोकळा झाला की नाही ते सांगायला फोन केला असेल. मी म्हणाले, "आलेच, पंधरा मिनिटं. भानूला म्हणावं फाट्यावर येऊन थांब." ती म्हणाली, "त्ये न्हाई येत आता, आक्का. ट्रॅक्टर पलटी झाला." शेजारच्या बाईने माझ्या हातातून पिशवी घेतली तेव्हा मला कळलं की ती खाली पडत होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या शिवारात गारपीट झाली होती. फाल्गुनात दर दोन-चार वर्षांनी होतेच, पण या वेळेची वेगळी होती. रानभर घोट्यापर्यंत गारा आणि खोलगट रस्त्यात तर मांडीएवढा थर. पोरांनी व्हिडिओ काढून पाठवले, खाली हसण्याची चित्रं टाकून. मी जालन्यात राहते, शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. ते व्हिडिओ बघून मी माझ्या धाकट्या भावाला, भानुदासला, फोन लावला. काय बोलले ते मला शब्दान् शब्द आठवतं, विसरायची सोय नाही. मी म्हणाले, "तलाठी उद्या सकाळी पंचनाम्याला येणार म्हणतात. मी हजर पाहिजे, नाहीतर माझ्या तुकड्याची नोंद कोण करणार?" तो म्हणाला, "ये ना. पर रस्ता सगळा गारानं भरलाय. तू ये बिलकुल, मी सकाळी वाट काढून ठिवतो." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. त्याच्या मोसंबीच्या बागेचं काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. बागेत एकाही झाडाला पान राहिलं नव्हतं, हे मी दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, तेही त्याला नेत असताना.

भानू माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा छोटा ट्रॅक्टर सगळ्या शिवारात टिंगलीचा विषय होता. मोसंबीच्या दोन ओळींमधून जावा म्हणून त्याने तो मुद्दाम लहान घेतला होता, तर मोठ्या ट्रॅक्टरवाले त्याला "खेळणं" म्हणायचे. भानूही हसायचा. म्हणायचा, "खेळणंच हाय, पर खेळ तुमच्यासाठीच करून राह्यलो." ते खरंच होतं. डांबरी रस्त्यापासून आमच्या वस्तीपर्यंत पाऊण किलोमीटरची वाट, आणि आमच्या पलीकडे आणखी पाच घरं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात या वाटेवर दोन पावलं टाकली की चपलेला शेरभर चिखल लागतो आणि चौथ्या पावलाला चप्पल तिथेच राहते. शाळेची पोरं, दुधाच्या कॅनी, आजारी म्हातारी, सगळ्यांना हीच एक वाट. भानूने जालन्याच्या भंगार बाजारातून जाड लोखंडी पत्रा आणला, तो वाकवून त्याची फळी करून घेतली आणि ट्रॅक्टरच्या मागे बसवली. पाऊस उघडला की हा निघायचा. फळी खाली सोडून वरचा गिलावा ओढून काढायचा, खालचा मुरूम उघडा पडेपर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी डिझेलही देत नव्हतं. उलट एखाद्या दिवशी उशीर झाला तर पलीकडच्या वस्तीवरून फोन यायचा, "भानुदासराव, आज न्हाई काढली का वाट?" जसा काही हा नगरपालिकेचा नोकर.

मागच्या काही वर्षांत त्याची एक तऱ्हा झाली होती. वस्तीवरून डांबरीकडे जाताना फळी खाली सोडायचा, सगळा चिखल डाव्या हाताला टाकत जायचा, आणि परत येताना फळी उचलून रिकामा यायचा. म्हणजे एका कामाला दोन फेऱ्या. डाव्या हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचंच रान. चिखलाचा तिथे एवढा उंच वरंबा झाला की पावसाचं पाणी त्याच्या बागेतच तुंबायचं. मोसंबीची पहिली ओळ त्या पाण्याने वाळून गेली. मी एकदा म्हणाले, "अरे, येताना पण ओढत ये की, अर्धा वेळ वाचेल." तर म्हणाला, "फळी तशीच बसलीय आता. फिरत न्हाई." मला वाटलं, गंजली असेल. भानू हट्टी होता, एखादी वस्तू बिघडली की दुरुस्त करण्यापेक्षा तिच्याशी जमवून घेणारा. मी विषय सोडून दिला.

उजव्या हाताला आधी दोघा शेजाऱ्यांची रानं, आणि मग माझं. हो, माझं. आमच्याकडे वडील गेले की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची असते. आहेर घ्यायचा, साडी घ्यायची, डोळे पुसायचे आणि अंगठा द्यायचा. मी दिला नाही. मी शिकलेली होते, कायदा वाचलेला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आत्यांना साडीवर गुंडाळलेलं पाहिलं होतं. भावकीने मला काय काय म्हणून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकटा भानू काही बोलला नाही. मोजणीच्या दिवशी त्यानेच खुंटी ठोकली आणि म्हणाला, "आक्का, रस्त्याच्या कडेचं तू घे, तुला यायला-जायला बराबर पडंल." मला त्या सही न करण्याचा आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो पुढच्या गोष्टीचा.

मी रान बटाईने दिलं, कचरू नावाच्या माणसाला. आता ज्यांनी शेती पाहिलेली नाही त्यांना सांगते, रस्त्याकडेची जमीन कसणाऱ्याच्या हाताला एक चटक असते. दरसाल नांगरताना तो काठावर एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं घेतो, वीतभर. वीतभराने कोणाचं काय बिघडतं? पण पुढच्या वर्षी पुन्हा वीतभर. नऊ फुटांचा रस्ता असा सात फुटांवर आला, पुढे सहावर. दोघे शेजारी हेच करत होते आणि माझ्या रानात कचरू. सात-आठ वर्षांपूर्वी नागपंचमीला मी माहेरी गेले, तर भानू नेहमीप्रमाणे मला आणायला डांबरीवर ट्रॅक्टर घेऊन उभा. मी मडगार्डवर बसले. वाटेत माझ्या रानापाशी आल्यावर तो म्हणाला, "आक्का, तुह्या बटाईदाराला येवढं सांग. काठ कोरून राह्यला. एखाद् दिवशी चाक खाली जाईन."

यात राग येण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण भावकीचे टोमणे ऐकून ऐकून माझी कातडी सोललेली होती. मला वाटलं, आला, शेवटी हाही त्यांच्यातलाच निघाला. मी तिथेच, चालत्या ट्रॅक्टरवर, तोंड सोडलं. "शेजाऱ्यांचं नाही दिसत तुला? बहिणीच्या वाट्याचं तेवढं डोळ्यात सलतं? आणि तू काय करतोस? कचरू मला सांगतो सगळं. तुझ्या फळीने चिखल माझ्या पिकावर येऊन पडतो. माझ्या रानात एक ढेकूळ टाकायचं नाही, सांगून ठेवते!" भानूने गाडी थांबवली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. "बरं," म्हणाला. एवढंच. घरी गेल्यावर सुमनने पुरणाची दिंडं वाढली, त्याने माझ्या ताटात तुपाची धार धरली, मी खाल्ली. नंतर तो विषय त्याने कधीच काढला नाही, आणि मी समजले की तो विसरला. कचरूला तर मी काहीच बोलले नाही.

त्या सकाळी भानू सातच्या आधी निघाला. रस्ता आणि काठ सगळं पांढरं सपाट दिसत होतं, असं सुमन सांगते. रस्ता कुठे संपतो आणि रान कुठे सुरू होतं, ते कळायला मार्ग नव्हता. गारा डावीकडे लोटायच्या, म्हणजे सुरुवात उजव्या काठापासून करावी लागते. भानूला तो रस्ता नऊ फुटांचा असल्यापासून पाठ होता, हात त्या सवयीनेच वळला असेल... माझ्या रानापाशी उजवं चाक गारांवर गेलं, आणि गारांच्या खाली काठ नव्हता. कचरूने कोरून कोरून तिथे कमरेएवढी खोल चारी केली होती. छोटा ट्रॅक्टर तो, एका कुशीवर गेला. मी पोहोचले तेव्हा लोकांनी भानूला बाजूला काढून ठेवलं होतं आणि ट्रॅक्टर माझ्या गव्हात आडवा पडलेला होता. मागचा रस्ता, वस्तीपासून तिथपर्यंत, अगदी साफ होता. तेवढी वाट त्याने माझ्यासाठी काढून ठेवली होती.

दहाव्याला आख्खं शिवार लोटलं. "देवमाणूस गेला," प्रत्येकजण म्हणत होता. उजव्या हाताचे दोन्ही शेजारी तर हमसून हमसून रडले. मी त्यांच्याकडे बघत बसले. माझ्या मनात आलं, रडा, रडा, वैशाखात बघू. तेराव्याला एका जाणत्याने सगळ्यांसमोर विषय काढला, की भानुदासच्या नावाने ज्याने त्याने काठाची जमीन सोडायची, रस्ता पहिल्यासारखा करायचा. सगळ्यांच्या माना हलल्या. वैशाख आला. नांगरटी झाल्या. शेजाऱ्यांची तासं जिथे होती तिथेच आहेत. मीही त्यांना कोणत्या तोंडाने बोलू? मी कचरूला मात्र समोर बसवून विचारलं, जरा चढ्या आवाजातच, की माणसा, तुला कळत नव्हतं का? तो खाली बघत म्हणाला, "बाई, तुम्ही कधी सोड म्हन्लाच न्हाईत. मंग मला वाटलं, तुमच्याच मनात हाय." चाळीस वर्षं पोरांना उत्तरं विचारून काढली, आणि इथे माझी पाटी कोरी.

तलाठी त्या सकाळी आलाच नाही. बाराव्या दिवशी आला, चालत, चपला हातात घेऊन. माझ्या गव्हाच्या काठाशी उभं राहून त्याने विचारलं, "इथं एवढं कसं काय झोपलंय पीक?" ट्रॅक्टर पडला होता ती जागा. मी बोलायच्या आधीच कचरू म्हणाला, "गारानंच, साहेब." त्याने ते तसंच लिहून घेतलं. मी तिथेच उभी होते. माझ्या तुकड्याची नोंद झाली.

गेल्या आठवड्यात सुमनचा फोन आला, जरा येऊन जा म्हणून. मी गेले. डांबरीपासून चालत गेले, आणायला कोण येणार? माझ्या रानापाशी रस्ता आता रुंद आहे. मी कचरूकडून चारी बुजवून घेतली, काठ पुन्हा भरून घेतला, मोजून तीन फूट मागे सरले. पण बाकीची वाट अरुंद आणि मध्येच एवढा तुकडा रुंद, त्यामुळे लोक तिथे मोटारसायकली बाजूला लावून गप्पा मारत थांबतात. वस्तीवर गोठ्याच्या बाजूला ट्रॅक्टर उभा होता. राजूरहून रशीदभाई मिस्त्री आले होते. सुमन म्हणाली, "पावसाळा तोंडावर आला, आक्का. वाट कोन काढनार? मीच चालवायला शिकून राह्यले. म्हन्लं एकदा सगळं बघून घ्यावं." पन्नाशीची बाई, कपाळ मोकळं, साडीवर त्याचाच शर्ट घातलेला. मला तिच्याकडे नीट बघवेना.

रशीदभाई फळीखाली वाकले होते. बराच वेळ ठोकून, चाचपून ते बाहेर आले आणि म्हणाले, "भाभी, ये फळी तो दोन्ही बाजूला फिरती. पिन काढायची, इकडं-तिकडं करायची, बस. पर भानुदासभाईनं हितं वेल्डिंग मारून घेतलंय. पक्कं. म्हणून एकाच अंगाला राहती." मी म्हणाले, "गंजली होती ना? तो म्हणायचा फिरत नाही." रशीदभाई हसले. "गंज कुठला, बाई. मीच मारून दिल्तं वेल्डिंग. मी म्हन्लो, भाई, कायको? दो फेरी होंगी. तर म्हन्ले, हात चुकून उजवीकडं फिरायला नको." मी सुमनकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. "कधीची गोष्ट?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही पंचमीला आल्त्या ना त्या साली... तुम्ही जालन्याला गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे तो विसरला नव्हता. सात-आठ वर्षं दर पावसाला दुप्पट फेऱ्या, वाळलेली मोसंबीची ओळ, आणि उजव्या काठाने चालणारं ते चाक. माझ्या एका वाक्याला त्याने लोखंड लावून ठेवलं होतं. मला येऊन तो भांडला असता तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी कचरूला फोन केला असता. एवढं तरी मी स्वतःला ओळखते. पण तो बरं म्हणाला. भानू, तुझ्या त्या बरंचा मला आता फार राग येतो, आणि तो कुणावर काढू?

रशीदभाईंनी विचारलं, "कापू का, का राहू देऊ? भाईची आठवण हाय." सुमन माझ्या तोंडाकडे बघत होती. फळी तशीच तिरपी, भानूच्या रानाकडे तोंड करून होती, तिच्या कोपऱ्यात अजून वाळलेला चिखल. मी म्हणाले, "कापा." त्यांनी मशीन लावलं. ठिणग्या उडाल्या, कान किटले, आणि थोड्या वेळाने फळी सुटून सैल झाली. मी सुमनला म्हणाले, "जाताना तुझ्याकडे टाकू नकोस. सगळा चिखल उजव्या हाताला टाक, माझ्या रानात." तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं, आक्का."