चहाचा रिकामा डबा आणि बाबांचं नाव

बाबा जाऊन आज वर्ष झालं. वेबसाइटवर ते आज सकाळपर्यंत रोज टेकडीवर जात होते.

चूक माझ्या कोडची आहे. म्हणजे माझीच.

वारज्याच्या टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या ग्रुपसाठी मी एक छोटं पेज केलं होतं. प्रत्येकाचं नाव, खाली 'घरी फोन करा'चं बटण. कुणाला चक्कर आली तर घरी लगेच कळावं म्हणून.

मला दुसरीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. शाळेच्या गेटपाशी मला उलटी व्हायची.

पहिला धडा म्हणजे घराबाहेर पडताना मोठ्यांदा विचारायचं.
गॅस? बंद.
नळ? बंद.
किल्ली? आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतही मी तेच करते. तिथे hasattr म्हणून एक प्रश्न असतो. "तुझ्याकडे फोनची जागा आहे का?" हो आलं तर बटण दाखवायचं. बारा माणसांच्या पेजवर मी असे एकतीस प्रश्न टाकले होते. उगाच रिस्क नको.

तरी पहिल्याच रविवारी बाबा मोबाइल नाचवत आले.

"लेल्यांच्या नावाखाली None लिहिलंय. हे कोण? परदेशी जावई?"

मी दोन तास शोधत होते. hasattr दर वेळी True, म्हणजे 'हो'.

"बाबा, फोन आहे म्हणतंय हो! मी चेक केलंय!"

"आधी चहा टाक. डबा आहे का बघ."

"आहे."

"मग टाक की."

डबा उघडला. रिकामा. पहाटे त्यांनीच संपवून, नेहमीसारखा, परत जागेवर ठेवला होता.

"डबा आहे का, एवढंच बघितलंस. आत काय आहे ते लेल्यांनी येऊन बघायचं का?"

बाबांना पायथनचं एक अक्षरही येत नव्हतं.

लेलेकाकांनी फॉर्ममध्ये नंबर कोरा सोडला होता, म्हणून None, म्हणजे 'काहीच नाही'. जागा होती, म्हणून उत्तर 'हो'. मी एक ओळ बदलली. आत खरंच नंबर असेल, तरच नाव दिसेल.

लेलेकाका पेजवरून गायब झाले. संध्याकाळी नंबर घेऊन दारात हजर.

"मला काढलंत का हो ग्रुपमधून?"

बाबा चार दिवस हसत होते.

परवा ग्रुपमधल्या एका नवीन काकूंनी बाबांच्या नावाखालचं बटण दाबलं. फोन माझा वाजला. घरचा नंबर म्हणून माझाच दिलाय ना.

"अगं, हे तुझे बाबा का? यादीत आहेत, पण कधी दिसलेच नाहीत."

"नाही येणार ते, काकू."

त्या दोन वेळा सॉरी म्हणाल्या. मी चार वेळा.

म्हणून आज सकाळी लॅपटॉप उघडला. त्यांची नोंद डिलीट करायची होती. तीनदा कर्सर नेला, तीनदा परत आणला.

शेवटी नोंद ठेवली. फक्त नंबर रिकामा केला.

पेजवर आता बाबा दिसत नाहीत. hasattr ला विचारलं, "त्यांची जागा आहे का?", तर अजून True.

दारात उभी राहून मोठ्यांदा म्हटलं. गॅस बंद आहे. नळ बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

या, बाबा.