आधी मागून ढकलायचं

सिग्नल हिरवा झाला, पण गाडी हलेना. कर्जतहून लोणावळ्याला चढताना, ऐन घाटात आम्ही उभे होतो. सगळ्यात पुढच्या इंजिनात पारसभाऊ, सगळ्यात मागच्या इंजिनात मी. मधे सिमेंटनं भरलेली अख्खी मालगाडी.

मी बँकरवर लोको पायलट आहे. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन. लोक विचारतात, सगळी इंजिनं पुढंच का लावत नाहीत? ताकद तर तेवढीच. ताकद तेवढीच, पण डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलरलाही मर्यादा असते. सगळं पुढूनच ओढलं तर अख्ख्या गाडीचं वजन पहिल्या कपलरवर येतं. चढावर तो तुटतो. म्हणून थोडं पुढून ओढायचं, थोडं मागून ढकलायचं. फारच लांब गाडी असली तर मधेही इंजिन लावतात.

कर्जतला बँकर जोडत असताना पारसभाऊंना घरून फोन आला होता. ते नारायणगावचे, घरचं किराणा दुकान. मी घोडेगावच्या वरच्या डोंगरातली. वॉकीटॉकीवर आमचं गावाकडचं बोलणं व्हायचं. त्यांच्या वडिलांना त्या सकाळी पॅरालिसिसचा झटका आला होता.

गाड्यांवर नजर ठेवणारे कंट्रोलर म्हणाले, "लोणावळ्याला तुमच्या जागी रिलीफ क्रू उभा आहे. तेवढी वर आणाल?"

"आणतो," पारसभाऊ म्हणाले. इंजिनात फोन बंद ठेवावा लागतो. पुढं काय झालं, त्यांना कळायला मार्ग नव्हता. आणि वाटेत हा सिग्नल लाल लागला. आता हिरवा झाला, तर उभी राहिलेली गाडी चढावर हलेना.

"मंदाताई, ओढतो मी." वॉकीटॉकीवर पारसभाऊ म्हणाले.

"थांबा भाऊ. ओढू नका."

"लई उशीर व्हतोय, ताई."

"कळतंय मला. पण कपलर तुटला तर दिवस इथंच जाईल."

त्यांनी ओढलं नाही. मी विचारलं, "काल रात्री काका जेवले होते का नीट?"

"दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर मला शिव्या. ड्यूटीवर गार जेवतो म्हणून."

"मग खमके आहेत."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. रडणंही असेल.

"आता तुम्ही फक्त ब्रेक सोडा. वजन माझ्यावर येऊ द्या. मी सांगेन तेव्हा पॉवर घ्या."

त्यांनी ब्रेक सोडला. मी हळूहळू पॉवर वाढवली. जोरात ढकललं तर वळणावर एखादा डबा रुळावरून उचलला जातो. डबे एकमेकांना टेकत गेले. खडखडाट पुढं पुढं सरकत गेला आणि थांबला.

"घ्या भाऊ. सावकाश."

गाडी सुटली.

लोणावळ्याला बँकर गाडीपासून सोडवला तेव्हा वॉकीटॉकीवर दुसराच आवाज होता. "पारसभाऊ निघाले, मॅडम."

पुढच्या सुट्टीत मी नारायणगावला गेले. काका कॉटवर बसले होते. उजवा हात लुळा, बोलणं जड, पण डोळे लख्ख. पारसभाऊंनी माझी ओळख करून दिली. काकांनी डाव्या हातानं माझी बोटं धरली.

"ह्यो सांगायचा, गाडी मी ओढतो," ते अडखळत म्हणाले. "मागं कुणी असतं, हे कधी बोलला न्हाई."

"आता रोज सांगतो की," पारसभाऊ म्हणाले आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

नव्या लोकांना मी एवढंच शिकवते. चढावर उभी राहिलेली गाडी सोडताना आधी मागच्यानं ढकलायचं. ज्याला जास्त घाई असेल, त्यानं नंतर ओढायचं.