फेनरिरला हाक कोणी मारावी

कुत्र्याच्या परवान्याचा अर्ज लिहून घेण्यासाठी काल एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईसह कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलापाशी आले. आईच्या पदरात एवढेसे पिल्लू झोपले होते. मी त्याचे नाव विचारले.

"फेनरिर. उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणातला लांडगा. देवाचा हात तोडतो तो!" गृहस्थ म्हणाले.

दूध पिणाऱ्या जिवाला असले नाव! मला किळस आली.

"माझा फेंदर हो तो," म्हातारी कौतुकाने म्हणाली.

"आई, कितीदा सांगितलं? नीट येत नसेल तर हाक मारू नकोस. त्याला चुकीची सवय लागेल."

"अरे, दिवसभर भरवते मी त्याला. मग बोलवू कसं?"

"शिकून घे."

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर लोकांची नावे कागदावर उतरविली आहेत. नाव हाक मारण्यासाठी असते, मिरविण्यासाठी नव्हे. ज्या घरात मायेच्या हाकेलाही परीक्षा द्यावी लागते, त्या घराची मला शिसारी येते.

गृहस्थ ऐटीत सही करीत असताना पिल्लू जागे झाले आणि म्हातारीच्या तोंडाकडे पाहू लागले. तिचे ओठ हलले. परंतु मुलाकडे पाहून तिने आवाज आतच ठेवला.