पदराच्या गाठीतला चष्मा

उंबऱ्यापाशी पोहोचल्या की त्या आधी चष्मा काढत. काड्या मिटून तो पदराच्या टोकात बांधत, गाठ कमरेला खोचत आणि मग आत हाक देत, "अव्वा, आले गं. अजून काय बी बघितलं न्हाय." आतली बाई हसत असे, पाट पुढे सरकवत असे आणि नवऱ्यालाही न सांगितलेले बोलू लागत असे.

या चष्म्याविषयी अलीकडे फार लिहिले जात आहे. एका स्मरणिकेत एका विद्वान गृहस्थांनी त्याला 'मौनाचे प्रतीक' म्हटले आहे. या गृहस्थांचा जन्म, त्यांच्याच सांगण्यानुसार, निजामाचे राज्य गेल्यानंतरचा. वाचकहो, तुम्हीही माझ्यासारखे माणसे निरखणारे असाल, तर तुम्हांला ठाऊक असेल की प्रतीक म्हणून कोणी काही करीत नाही. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना ऊन पाण्याची वाफ भिंगांवर धरे आणि मूल काड्या ओढून घेई. एक भिंग असेच फुटले होते आणि दुसरे सोलापूरहून यायला अख्खा उन्हाळा गेला होता. चष्मा निघाला तो यामुळे. अर्थ लावला तो बायांनी. आणि चष्म्याच्या धनीण बाई शहाण्या असल्यामुळे त्यांनी तो खोडून काढला नाही.

त्या मुरुमच्या. लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या विधवा. कानडी आणि मराठी दोन्ही घरच्याच भाषा, त्यामुळे कोणतीही आई त्यांना 'अव्वा' आणि माझ्यासारखा धाकटा 'तम्मा'. आमच्या तालुक्याच्या गावी चार शिकलेल्या मंडळींनी बालसंगोपनाचे एक मंडळ काढले होते. गावोगाव घरांत जावे, मुलांची खरूज, डोळे, पोट पाहावे, आईला चार गोष्टी सांगाव्या, यासाठी त्यांना नेमले होते. मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. मलम आणि बोरिक पावडर त्या माझ्याकडून नेत. म्हणजे मी त्यांना वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदा तरी पाहिले आहे, आणि स्मरणिकेच्या एकाही लेखकाने त्यांना पाहिलेले नाही. एवढे आधी नोंदवून ठेवतो.

मंडळाच्या बैठकीत वकीलसाहेब त्यांना विचारत, "बाई, अमक्या घरी सून मारझोड सोसते म्हणतात. खरं का?"

"पोरगं बरं हाय साहेब. खरूज बसली."

"मी सुनेचं विचारतोय."

"चष्मा काढला हुता, साहेब."

बैठक हसे, वकीलसाहेब चरफडत. एकदा ते म्हणाले, "मग तुम्हांला आम्ही पाठवतो तरी कशाला?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमाला कुणी आत घेत न्हाय म्हणून." मी दाराशी मलमाचा डबा घेऊन उभा होतो. हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. स्मरणिकेत ते नाही.

आता तेरखेड्याचे प्रकरण. हे दोन प्रकारे सांगितले जाते. विद्वानांच्या मते त्यांनी प्राण गेला तरी कोणाचे गुपित फोडले नाही. तेरखेड्याच्या पारावर बसणाऱ्यांच्या मते त्यांनी एका विधवेची मुलगी पळवून बार्शीच्या दवाखान्याला विकली. दोन्ही खोटे आहे. जे घडले ते यापेक्षा साधे आणि माझ्या मते यापेक्षा कठीण होते.

तेरखेड्यात तेव्हाही घरोघर शोभेची दारू भरली जात असे. एका घरातला कर्ता माणूस त्याच कामात भाजून गेला. परवाना त्याच्या नावाचा होता, तो त्याच्याबरोबर गेला. त्याची बायको, तिला आपण रखमा म्हणू, लपून तेच काम करीत राहिली, कारण तिला दुसरे येत नव्हते. कागदाच्या नळीत दारू ठासायला बारीक बोटे लागतात. ती होती तिच्या मुलीची. मुलीला शेवंता म्हणू. दोन्ही नावे खरी नाहीत. खरी मागणारी दोन पत्रे माझ्याकडे येऊन पडली आहेत आणि तशीच पडून राहतील.

मुरुमच्या बाईंना हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. डोळे काढून पदरात बांधता येतात, नाक कुठे बांधणार? त्या घरात शिरले की गंधकाचा वास येई आणि मुलीची नखे कोळशाने काळी असत. त्यांनी रखमेला अनेकदा सांगून पाहिले. रखमा म्हणे, "तुमी बघत न्हाय म्हनता नव्हं? मग नका बघू." आणि त्या बघत नसत.

मग एके दिवशी ठासताना नळी पेटली आणि शेवंताचा डावा डोळा गेला.

रखमेने बाईंनाच बोलावले. दवाखान्यात न्यायची सोय नव्हती. दारूने भाजलेला इसम आला की अमीनला, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला, कळवायचे असा आम्हांला सक्त हुकूम होता. कळवायचे ते मी. निजामीची ती शेवटची वर्षे. घरात दारूची पुडी सापडली तरी अमीनला त्यात बंड दिसे. रखमा तुरुंगात गेली असती आणि मुलगी रस्त्यावर. तिने बाईंच्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली. शिवाची आण, कोणाला सांगणार नाही. बाईंनी घेतली. मग उकळून निववलेल्या पाण्याने त्या मुलीचा डोळा धूत राहिल्या आणि माझ्याकडून बोरिक नेत राहिल्या, नेहमीपेक्षा जास्त.

जास्त हे माझ्या लक्षात आले. मी विचारले, "कोणाचे डोळे आले आहेत?"

"समद्यांचेच येत्यात, तम्मा. धूळ हाय."

तीनएक आठवड्यांनी त्या आल्या आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "एक इचारते. एखाद्या पोरीचा एक डोळा फुटून तसाच ऱ्हायला, तर दुसरा का लाल व्हतो?"

आमच्या डॉक्टरसाहेबांनी हे मला शिकवले होते. मी सांगितले, "फुटलेला डोळा वेळेवर काढला नाही तर चांगलाही त्याच्या मागे जातो. पोर आंधळी होते."

त्या टेबलाला धरून उभ्या होत्या. "किती दिसांत?"

"ते कोणी सांगू शकत नाही. कोणाची पोर?"

"कुणाची न्हाय. इचारते म्हणलं ना."

"बाई, मी मूर्ख नाही. तेरखेड्याची ना? दारूने भाजली ना? तिला उद्या इथे आणा."

"आणली तर तू अमीनला कळवशील?"

"कळवावेच लागेल."

"मग कशी आणू?"

मी चिडलो. मी त्या वयात लवकर चिडत असे. आजही चिडतो आणि त्याची मला लाज नाही. म्हणालो, "तुमच्या शपथेसाठी एक लेकरू आंधळं करणार का? पहिल्या दिवशी बोलल्या असतात तर ही वेळच आली नसती."

त्या बोरिकची पुडी टेबलावर तशीच ठेवून गेल्या. माझे ते वाक्य कठोर होते असे माझ्या दिवंगत पत्नीचे मत होते. माझे मत आजही ते बरोबर होते असेच आहे. मात्र त्या पहिल्या दिवशी बोलल्या असत्या, तर रखमेने त्यांना दुसऱ्या दिवशी आत घेतले असते का, आणि दुसरा डोळा लाल झालेला मग कोणी पाहिला असता, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. रात्री पाठ टेकली की हा प्रश्न येतो. स्मरणिकावाल्यांना येत नसावा.

पुढचा प्रसंग माझ्यासमोर घडला नाही. परंतु दोघींनीही तो मला वेगवेगळ्या वेळी सांगितला. एकीने दोन वाक्यांत, दुसरीने शिव्या घालत. दोघींचे शब्द जुळतात, म्हणून मी ते खरे मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रखमेच्या उंबऱ्यापाशी आल्या. हाक दिली नाही. चष्मा काढला नाही. तशाच आत गेल्या.

रखमा नळ्या झाकत होती. वर बघताच तिचा हात थांबला. "चष्मा?"

"आज घातलाय."

"काढा."

"न्हाय काढत, अव्वा. आज बघाया आले."

त्यांनी सगळे पाहिले. कोनाड्यातली दारू, नळ्यांची रास, कोपऱ्यात पदर तोंडावर घेऊन बसलेली पोर. मग म्हणाल्या, "हिला बार्शीला नेते. ती इंग्रजी हद्द हाय. तिथं ह्यो अमीन येत न्हाय. येडशीपातूर गाडी सांगितलीया. तू चल, न्हाय तर म्या एकटी नेते. आडवी आलीस तर दवाखान्यात जाते, मग तिथला कंपाउंडर काय करायचं ते करंल."

"आण घेतली हुतीस तू! शिवाची!"

"घेतली हुती. मोडली."

"मुडदा बशिवला तुझा! तुला देव बघून घेईल."

"बघू दे. पर हिला बी दिसू दे."

मुलगी त्यांनी कडेवर घेतली. रखमा आडवी आली नाही आणि बरोबरही गेली नाही. दारात बसून तिने अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. पारावरच्या मंडळींनी ऐकले ते एवढेच. पळवापळवीची कथा तिथून सुरू झाली.

मी त्या दिवशी देवीची लस टोचत त्याच बाजूला फिरत होतो. सडकेवर बैलगाडीत त्या दिसल्या आणि मी सायकल गाडीत टाकून बरोबर गेलो. शेवंताच्या दोन्ही डोळ्यांवर मांजरपाटाची पट्टी होती. ती हात पुढे करून सारखे विचारत होती, "आई कुटंय?" बाई दर वेळी सांगत, "घरी हाय. घर राखाया."

येडशीच्या फलाटावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई हद्दीपार जाणाऱ्यांची गाठोडी उघडून पाहत होता. मुलीच्या फडक्याला गंधकाचा वास येत होता. शिपाई जवळ आला. पट्टी पाहून दचकला. "काय झालं हिला? देवी आल्या का?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग सावकाश चष्मा काढला, पदरात बांधला आणि गप्प बसल्या.

शिपाई दोन पावले मागे सरला. "जाव, जाव, बैठो!" असे ओरडत त्याने डब्याचे दार स्वतः उघडून दिले. मला त्या अवस्थेतही हसू आले. गाडी सुटण्यापूर्वी मी खिडकीशी गेलो. म्हणालो, "बाई, शपथेचं काय?"

त्या म्हणाल्या, "शिवाला काय सांगायचं ते म्या सांगते. तू अमीनला सांगू नको."

मी सांगितले नाही. हुकूम मोडला. तो निर्णय माझा होता, त्यांनी गळ घातली म्हणून नव्हे. याचे श्रेय कोणी त्यांच्या दयाळूपणाला देऊ नये आणि दोषही त्यांना देऊ नये.

बार्शीच्या डॉक्टरने फुटलेला डोळा काढून टाकला. दुसरा वाचला. शेवंता महिन्याभराने आईकडे परत आली. घरातली दारू रखमेने तोवर उकिरड्यात ओतून वर शेण टाकले होते आणि ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली होती. अमीन त्या घरी कधीच आला नाही.

मात्र तेरखेड्यात एकही दार मुरुमच्या बाईंसाठी पुन्हा उघडले नाही. चष्मा घालून येणारी बाई म्हणून त्यांचे नाव झाले. बायका मुलांना आत ओढून घेत. बाळंतपणात अडलेली एक बाई त्यांना न बोलावता वारली, हे स्मरणिकेत नाही, कारण ते कोणाच्याच बाजूचे नाही.

त्या येत राहिल्या. दर बाजारी वेशीतल्या दगडावर पिशवी घेऊन बसत, चष्मा काढून पदरात बांधत आणि रस्त्याकडे तोंड करून राहत. मी एकदा वैतागून म्हणालो, "कशाला येता? कोणी हाक मारत नाही."

"हाक न्हाय मारली म्हणून खरूज जाती का, तम्मा?"

निजामी संपली, मंडळ मोडले, त्या मुरुमला परत जायला निघाल्या. शेवटच्या बाजारी मीही लस टोचायला गावात होतो. दुपार कलली, तरी त्या दगडावर बसूनच होत्या. डोक्यावर घागर घेऊन रखमा आली. मागे शेवंता, एका डोळ्याने वाट पाहून नीट चालत. रखमा त्यांच्यापुढे थांबली. घागर तिने खाली ठेवली नाही.

पारावरचे आता म्हणतात की तिने त्यांना माफ केले. मी पाच हातांवर होतो. तसे काही झाले नाही. तिने त्यांना घरी बोलावले नाही, पाणी दिले नाही, पाया पडली नाही.

ती एवढेच म्हणाली, "चष्मा घाला, बाई. सडकंला नवी खडी टाकलीया. पडाल."

त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ जुनी झाली होती, लवकर सुटेना. रखमा ती सुटेपर्यंत उभी राहिली, मग मुलीला घेऊन गेली. बाईंनी चष्मा घातला, पिशवी उचलली आणि खडीवरून, एक एक पाऊल पाहून टाकत, येडशीच्या बाजूला चालू लागल्या.